कडुनिंबापासून काठ आता चार पावलांवर

आमच्या नदीकाठच्या बागेत, अगदी मागच्या अंगाला एक जुना कडुनिंब आहे. गेल्या पावसाळ्याआधी त्याच्या बुंध्यापासून काठापर्यंत मी पावलं मोजली होती, अकरा भरली. काल सकाळी पुन्हा मोजली, चार. मुळं उघडी पडून लोंबताहेत, पायवाटेला हात जाईल एवढी भेग पडलीय. तिथे रोज येऊन बसणारे बाबा म्हणाले, "भाऊ, नदी काठ खाई ऱ्हायनी."

आपल्याला वाटतं, पुरात काठ वाहून जातो. पण दरड बऱ्याचदा कोसळते ती पूर ओसरल्यावर. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पावसाचं पाणी त्यातून आत मुरतं. पुरात काठ पाणी पिऊन जड होतो, तरी समोरून नदीचा रेटा असतो म्हणून उभा राहतो. वरच्या धरणाचे दरवाजे बंद झाले, पाणी झपाट्याने उतरलं की तो आधार जातो. पायथा तर आधीच पोखरलेला, कारण वाळू उपसून उपसून पात्र खोल गेलंय. मग रात्री धप्पकन आवाज येतो आणि सकाळी वाटेचा तुकडा नदीत असतो.

मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो, तर "जागा शहराची आहे, शहराने बघावं" असं ऐकून परत आलो. मला हे अजिबात पटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदीचं पात्र राज्य सरकारचं. धरणातून पाणी सोडतं राज्याचंच खातं. मग त्या पाण्याने कापलेल्या काठाचा खर्च एकट्या शहराच्या घरपट्टीतून का? शहरही सुटत नाही. समोरच्या काठावर राबिट टाकून पात्र आवळलं ते आपणच. तेव्हा आपला वाटा आपण द्यायलाच हवा, आणि तो कागदावर नको, बजेटमध्ये दिसला पाहिजे. ज्याचा पैसा लागतो तोच पुढे डागडुजीकडे लक्ष देतो.

पांझरा नदीच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, हेच होतं ना! बंधाऱ्याची दुरुस्ती निघाली की ती फडातल्या सगळ्यांची. पाटाच्या तोंडाशी शेत असलेला आणि शेवटाला असलेला, दोघांनाही त्यातून सुटका नव्हती.

पैसा कुठून येईल, तेही सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपत्ती सौम्यीकरण निधी, म्हणजे आपत्तीचं नुकसान आधीच कमी करण्यासाठीचा पैसा, वेगळा काढला, आणि राष्ट्रीय पातळीवर धूप रोखायला १५०० कोटी सुचवले. म्हणजे धूप हीसुद्धा आपत्ती आहे, हे मान्य झालंय. शिवाय जिल्ह्याच्या विकासकामांचा आराखडा करणारी जिल्हा नियोजन समिती आहे. शहराने आपला हिस्सा घालून नीट प्रस्ताव करावा आणि तो मंजूर होईपर्यंत सोडू नये.

फक्त एक कळकळीची विनंती, एका वॉर्डापुरती उभी काँक्रीटची भिंत नको. भिंत संपते तिथूनच नदी कापायला लागते, नाहीतर समोरचा काठ धरते. अख्खं वळण एकदम घ्या. आधी पायथ्याला जाळीत बांधलेला दगड, त्यामागे माती धरून ठेवणारा गाळणीचा थर, वर उतार सौम्य करून वाळा, करंज, बांबू.

शनिवारी सकाळी सातला मी त्या कडुनिंबापाशी टेप घेऊन असेन. भेगेची लांबी मोजून, फोटो काढून नवा अर्ज करायचा आहे. सह्यांना या. पावसाळ्याआधी निदान पायथ्याला दगड पडायला हवा.