नोंदणी क्रमांक नसलेला विद्यार्थी

आमच्या फार्मसीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी वाढदिवस आणि फॉरवर्ड यांच्यावर चालतो. मागे मात्र तिथे दोन दिवस चांगलीच जुंपली. विषय होता, रिफ्रेशर कोर्स ऑनलाइन असावा की सभागृहात. भारतात 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार नोंदणीकृत फार्मसिस्टला पाच वर्षांत किमान दोन, एकेका दिवसाचे रिफ्रेशर करावे लागतात. एका गटाचं म्हणणं, ऑनलाइन म्हणजे शुद्ध धूळफेक. व्हिडिओ म्यूटवर टाकून गिऱ्हाईक करायचं आणि संध्याकाळी सर्टिफिकेट उतरवून घ्यायचं. दुसरा गट विचारत होता, सभागृहात तरी काय होतं? सही करायची, मागच्या रांगेत मोबाइल काढायचा, दुपारनंतर सटकायचं. आणि दिवसभर दुकान कुणाच्या भरवशावर टाकायचं?

मी ब्रिटनमधल्या फार्मसीत काम करते, त्यामुळे ‘तुमच्याकडे कसं असतं गं?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारच होता. दोन ओळींत सांगता येईना, म्हणून हे लिहिते आहे.

इथे आले तेव्हा मी फार्मसिस्ट नव्हते. परदेशी पदवीवाल्याला आधी ओस्पॅप नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, मग प्रशिक्षणाचं वर्ष, मग नोंदणीची परीक्षा, एवढं सगळं पार करावं लागतं. तोवर डिस्पेन्सरची, म्हणजे फार्मसिस्टच्या हाताखाली औषधं काढून देणाऱ्या मदतनिसाची, नोकरी धरली. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने लॉगिन दिलं आणि सांगितलं, काउंटरवर औषध कसं विकायचं त्याचा कोर्स पूर्ण कर. बी.फार्म. झालेल्या मुलीला काउंटरचा कोर्स! राग गिळला आणि बसले.

त्या कोर्समधला एक धडा अजून आठवतो. पडद्यावर एक बाई येते, डोकं दुखतंय म्हणते आणि को-कोडामॉल ही वेदनाशामक गोळी मागते. आपण प्रश्न निवडायचे. औषध कुणासाठी, काय होतंय, किती दिवसांपासून, आत्तापर्यंत काय घेतलं, दुसरी कुठली औषधं चालू आहेत. पाचही विचारले की हिरवी खूण. या औषधात कोडीन असतं, म्हणून इथे चिठ्ठीशिवाय मिळणारं पाकीट 32 गोळ्यांपर्यंतचंच, आणि त्यावर ठळक इशारा, तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका, सवय लागू शकते. हे मला पदवीच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. कोडीनची रासायनिक रचना मात्र काढता येत होती.

मग खरं गिऱ्हाईक आलं. चांगले कपडे, हसतमुख, तेच पाकीट हवं. मी पाच प्रश्न पाठ म्हटल्यासारखे विचारले आणि त्याने पाचही उत्तरं बिनचूक दिली. इतकी बिनचूक की माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी पुढे होऊन विकायला नकार दिला. त्या पंचवीस वर्षं काउंटरवर होत्या. नंतर म्हणाल्या, “ज्याचं डोकं खरंच दुखतंय तो एवढा नीट बोलत नाही.” ही गोष्ट कोर्सच्या कुठल्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे ऑनलाइन धड्यात, नव्हती. पण मॉड्यूल झालेलं नसतं तर त्या काय म्हणताहेत हेही मला कळलं नसतं. ऑनलाइन शिक्षणाबद्दल माझं मत त्या दिवशी जे झालं, ते फारसं बदललेलं नाही. पडदा तुम्हाला प्रश्न देतो. उत्तर ऐकायचं कसं, ते शेजारी उभा राहणारा माणूस देतो.

आता, इथे सगळं आलबेल आहे असं ग्रुपवर कुणी समजू नये. माझ्या आधीच्या एका नोकरीत ही मॉड्यूल्स घरी, रात्री, बिनपगारी करायची असत. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जायचं. शेवटच्या चाचणीत दहापैकी आठ बरोबर लागत, नापास झालात तर तेच प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा. वरच्या साहेबांना फक्त एवढंच दिसायचं की आमच्या शाखेची सगळी नावं हिरवी आहेत का. म्यूट व्हिडिओ ही काही आपल्याच लोकांची मक्तेदारी नाही.

तरीही एक फरक आहे, आणि आमच्या ग्रुपवरच्या शंभरेक मेसेजांत तो एकदाही आला नाही. इथली नियामक संस्था, जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल, सांगते की औषध देण्या-विकण्याच्या कामावर घेतलेल्या साध्या मदतनिसालाही कामावर आल्यापासून तीन महिन्यांत त्या कामाच्या प्रशिक्षणाला घातलं पाहिजे. त्याची नोंदणी नसते, त्याला पदवी लागत नाही, पण त्याला शिकवलं की नाही याचा जाब दुकानाच्या मालकाला द्यावा लागतो. मदतनीस आणि फार्मसिस्ट यांच्या मधल्या पायरीवरचे फार्मसी टेक्निशियन तर 2011 पासून नोंदणीकृत व्यावसायिक आहेत.

आपल्याकडे 1948 चा फार्मसी कायदा म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यावं. उत्तम. पण मेडिकलमध्ये गर्दीच्या वेळी गोळ्यांची पट्टी कापून पिशवीत कोण टाकतो, हे आपण सगळे जाणतो. तो ‘काउंटरवरचा मुलगा’. कायद्याच्या लेखी तो ते काम करतच नाही, मग त्याला ते शिकवणार कोण? महाराष्ट्रात 2012-13 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मसिस्ट हजर हवाच म्हणून मोहीम उघडली, तेव्हा प्रकरण दुकानं बंद ठेवण्यापर्यंत गेलं होतं. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि गल्ल्यामागे दुसराच, हा वाद त्या वेळी खूप झाला. गल्ल्यामागच्या त्या दुसऱ्याला काय येतं, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. कौशल्य विकासाच्या योजनांत फार्मसी असिस्टंटचे कोर्स आहेत. पण अमुक महिन्यांत त्याला तिथे घाल, असं बंधन मालकावर नाही.

माझ्या मते ऑनलाइनचा खरा उपयोग त्या मुलासाठी आहे. फार्मसिस्ट निदान दोन-चार वर्षं कॉलेजात गेलेला असतो. या मुलाला हवेत मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचे धडे, मराठीत. शेड्यूल एच-वन (चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांची यादी) म्हणजे काय, त्याच्या रजिस्टरात डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव का लिहायचं आणि ते तीन वर्षं का ठेवायचं. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत म्हणजे फ्रीजरमध्ये नव्हे. चिठ्ठीवर नाव अर्धवट वाचता आलं तर अंदाज करायचा नाही, फार्मसिस्टला दाखवायचं. आणि संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर माणूस दगावू शकतो.

हे मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं. भांडण तिथेच विरलं, कारण कुणाला त्यात बाजू घ्यायला काही नव्हतं. एका मित्राने मात्र रात्री वेगळा फोन केला. त्याचं स्वतःचं मेडिकल आहे आणि त्याच्याकडचा मुलगा नऊ वर्षं काउंटरवर आहे. मित्र म्हणाला, “अगं, पुढच्या ऑनलाइन रिफ्रेशरला त्यालाच बसवतो.” फॉर्म उघडला, तर वरून दुसरा रकानाच नोंदणी क्रमांकाचा, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना. शेवटी त्याने स्वतःचा क्रमांक टाकला, फोन त्या मुलासमोर उभा केला आणि दोघांनी मिळून बघितलं. मध्ये गिऱ्हाईक आलं की उठायचा तो मित्रच.

सर्टिफिकेट मित्राच्या नावावर आलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्या मुलाने मेथोट्रेक्सेटच्या पट्ट्या बाकीच्या गोळ्यांतून काढून वेगळ्या खणात ठेवल्या आणि खणावर पेनाने लिहिलं, ‘आठवड्यातून एकदा. विचारून द्या.’