पोहता येतं म्हणून जॅकेट नको? काय पण लॉजिक!

सध्या सांगली-साताऱ्यात एक मेसेज लय फिरतोय, 'ज्याला कृष्णेत पोहता येतं त्याला बोटीत लाईफ जॅकेट लागत नाही, एक ट्यूब टाका, मोबाईल ठेवा, बास.' कोयना धरणात बोटीतून फिरायला बामणोलीचा बेत ठरत होता तर भाच्यानं हाच मेसेज मला वाचून दाखवला, म्हणून लिहितोय.

पोहण्याचं आधी. आपण सगळे पाठीला डबा बांधून घाटावरच शिकलोय, मान्य. पण तिथं आपण चड्डीवर, दम भरून, स्वतःच्या मर्जीनं उडी मारतो ओ. बोटीतला माणूस जीन्स-बुटावर, बोलता बोलता पडतो, अचानक गार पाण्यात गेला की आपसूक जोरात श्वास ओढला जातो आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं, आणि पडताना डोकं काठाला आपटलं तर मग पट्टीचा पोहणारा असला काय नि नसला काय. ऑगस्ट 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, नदीकाठचंच गाव ते, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली. अजून आठवलं की बोलवत नाही.

ट्यूब. ती धरून ठेवावी लागते, हात सुटला की संपलं. दोरी बांधून पडलेल्याकडं फेकायला ट्यूब झकास, ठेवाच, पण जॅकेटच्या जागी नाही.

आता जॅकेटातपण गोम आहे, हे मेसेजवाल्याला माहितच नसणार. त्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो, साधारण 10 न्यूटन म्हणजे एक किलोचा उचल. 50 वालं फक्त पोहता येणाऱ्याला, तेपण काठाजवळ मदत असेल तर. 100 आणि 150 वाल्यांना मानेमागं कॉलर असते, तोंड वर राहावं म्हणून. धरणात फिरायला, आणि घरात कुणी न पोहणारं असेल तर, किमान 100 घ्या. पोरांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका, पाण्यात ते वर सरकतं आणि पोरगं खालून निसटतं. मापाचं घ्या, मांड्यांमधून जाणारा पट्टा बघा, आणि घातल्यावर खांद्याला धरून वर ओढा, कानापर्यंत आलं तर दुकानदाराला परत. सीटखाली कोंबलेलं जॅकेट घरी ठेवल्यासारखंच.

मोबाईल? धरणापलीकडं वासोटा किल्ल्याच्या बाजूला रेंज शोधत बसा, तोवर फोनच भिजलेला. शिट्टी काही रुपयांत येते, जॅकेटलाच बांधा. इंजिनवाली बोट असेल तर चालवणाऱ्यानं किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद पाडणारी, दोरी स्वतःला अडकवायचीच, नाहीतर तो पडतो आणि बोट गरागरा फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येते.

भाच्याचा शेवटचा मुद्दा, जॅकेटवर फोटो खराब येतो. मग भगवं घे की लेका, कोयनेच्या हिरव्या पाण्यात लांबून उठून दिसतंय, फोटोत पण आणि शोधणाऱ्याला पण.