आकडे मागितले, तर प्रोग्रॅम कशाला देता?

पावसाचे आकडे नकाशावर रंगवून दाखवायचे, ते उतरवून घेण्याची सोय मात्र ठेवायची नाही, आणि वेब पानाचा सोर्स उघडून पाहावा तर तेच आकडे 'डेटा.जेएस' नावाच्या जावास्क्रिप्ट प्रोग्रॅमच्या फाइलीत कोंबलेले सापडावेत, हा प्रकार आता डोक्यात जाऊ लागला आहे. फाइल नुसती 'व्हार पाऊस =' अशी सुरू होऊन अर्धविरामाने संपत असती, तर चौकोनी कंसाबाहेरचा मजकूर छाटून उरलेला भाग पायथन भाषेतल्या 'जेसॉन.लोड्स'च्या, म्हणजे जेसॉन या साच्यातला डेटा वाचणाऱ्या फंक्शनच्या, हवाली केला असता आणि विषय मिटला असता. पण आत पाहावे तर एकाही कीला (म्हणजे नोंदीतल्या रकान्याच्या नावाला) अवतरणचिन्ह नाही, मजकूर एकेरी अवतरणात, शेवटच्या नोंदीनंतरही स्वल्पविराम, आणि अधूनमधून कुणाच्या तरी कॉमेंट्स! जावास्क्रिप्टला हे सगळे चालते. आरएफसी ८२५९ या प्रमाण नियमावलीप्रमाणे जेसॉनला यातले काहीही चालत नाही, त्यामुळे पायथन हात वर करतो आणि ते योग्यच आहे.

'रेजेक्स मारा की', म्हणजे ठरावीक खुणा शोधून मजकूर छाटा, असा सल्ला देणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. दोन तिरक्या रेघांपुढचे सगळे कॉमेंट समजून उडवले, की प्रत्येक वेब पत्त्याचे 'एचटीटीपीएस:' एवढेच शिल्लक राहते. जेसॉन५ या जेसॉनच्या सैल आवृत्तीची लायब्ररी अवतरणे, कॉमेंट्स आणि जादा स्वल्पविराम निमूटपणे सोसते, पण पर्जन्यमापन केंद्राचा क्रमांक अवतरणाशिवाय ०१२३ असा लिहिलेला दिसला की तीही अडते. याहून संतापजनक गोष्ट अशी, की स्ट्रिक्ट मोड (कडक नियमांची पद्धत) नसेल तर जावास्क्रिप्ट स्वतः ०१२३ हा आकडा अष्टमान (फक्त ० ते ७ अंकांच्या) पद्धतीचा समजून ८३ वाचते, आणि ०१८९ मध्ये ८ व ९ असल्यामुळे तो मात्र सरळ १८९ वाचते. एकाच रकान्यात दोन अंकपद्धती, आणि नकाशा बनवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा!

तारखांची तऱ्हा आणखी वेगळी. 'न्यू डेट(२०२४, ५, १५)' म्हणजे १५ जून, कारण तिथे महिने शून्यापासून मोजतात. हे विसरून आकडे जसेच्या तसे उचलले, तर मृगाचा पाऊस मे महिन्यात पडलेला दिसतो. शेवटी नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती फाइल चालवून आतले आकडे 'जेसॉन.स्ट्रिंगिफाय'ने जेसॉन करून बाहेर काढावेत, म्हणजे केवळ आकडे वाचण्यासाठी परक्याचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालवावा, तर भारतीय वेळेतली १५ जूनची मध्यरात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत जाऊन १४ जून, १८:३० होऊन बाहेर पडते. पायथनमध्ये तारीख तेवढी कापून घेणाऱ्याचा अख्खा पावसाळा एक दिवस आधी सरकतो.

डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारची जेसॉन फाइल वाचू देत नाही, म्हणून आकडे स्क्रिप्टमध्ये घालण्याची पळवाट काढतात, हे मला मान्य आहे. पण ती स्क्रिप्ट कुठल्या तरी तक्त्यातूनच तयार केली असणार ना? मग तोच तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी फाइल) करून शेजारी ठेवायला कोणाचे काय जाते?