‘आधी एका शब्दानं सांगितलं नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. प्रीमियम क्रेडिट कार्डाचा अर्ज ‘क्रेडिट हिस्टरी अपुरी’, म्हणजे उधार घेतल्या-फेडल्याच्या नोंदी कमी, एवढ्या एका ओळीवर फेटाळला गेला आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. पगार चांगला, एकही हप्ता चुकलेला नाही, आणि तरी नकार येतो, तेव्हा राग येणारच.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘कार्ड मिळणार नाही हे यांना माहीत होतं, तरी कमिशनसाठी अर्ज भरायला लावला, आधी एका शब्दानं सांगितलं नाही.’ हे वाक्य फार लागलं. कार्डांचे अर्ज भरून देणारं आमचं ऑफिस लहान आहे आणि नवीन माणूस फोन करण्याआधी हेच रिव्ह्यू वाचतो. म्हणून उत्तर लांबणार आहे. तुमचं नाव, पगार, कार्डाचं लिमिट यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे जाहीर लिहिलंय, त्यापुरतंच बोलतो.

आधी कमिशनचं. आम्ही ग्राहकाकडून एक पैसाही घेत नाही. कार्ड मंजूर होऊन हातात पडलं तरच कार्ड कंपनी आम्हाला पैसे देते. अर्ज नाकारला गेला तर आमची धावपळ, कागदपत्रं, फोन, सगळं पाण्यात. नाकारला जाणारा अर्ज मुद्दाम भरून घेऊन आम्हाला काय मिळणार, हे तुम्हीच सांगा.

आता ‘सांगितलं नाही’ याबद्दल. पहिल्याच भेटीत तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे उधारीच्या नोंदींचा कागद, तुमच्यासमोर उघडून मी म्हटलं होतं की स्कोअर छान आहे, पण फाइल पातळ आहे, म्हणजे नोंदी थोड्याच आहेत. आधी साधं कार्ड घ्या, वर्षभर वापरा, मग प्रीमियमचं बघू. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘साधं कार्ड नको, हेच हवंय, प्रयत्न करून बघा.’ ग्राहकाचा हट्ट असला तर अर्ज भरणं हे आमचं काम आहे, ते आम्ही केलं. तुमची इच्छा मोडली नाही, त्याचंच खापर आज आमच्यावर फुटतंय याचं वाईट वाटतं.

तुमचा मुख्य मुद्दा असा की 780 स्कोअर असताना हिस्टरी अपुरी कशी? प्रश्न रास्त आहे, आणि तो बरेच जण विचारतात. स्कोअर म्हणजे आजवर जेवढं उधार घेतलं, तेवढं कसं फेडलं याचा आकडा. ज्यानं थोडंच घेतलं आणि वेळेवर फेडलं, त्याचा स्कोअर चांगला येऊ शकतो. पण प्रीमियम कार्डासोबत मोठं लिमिट येतं. ते देणारा माणूस स्कोअरवर थांबत नाही, अख्खा रिपोर्ट वाचतो. सगळ्यात जुनं खातं केव्हाचं, आजवरचं मोठ्यात मोठं लिमिट किती, त्यातलं किती वापरलं जातं, हे तो बघतो. एक छोटं कार्ड आणि मोबाइलचे संपलेले हप्ते एवढंच असेल, तर मोठं लिमिट हा माणूस कसं सांभाळेल याचा पुरावाच त्याच्यापुढे नसतो. हा तुमच्या प्रामाणिकपणावरचा ठपका नाही. नवख्या फलंदाजाची सरासरी दोनच डावांत साठ असली तरी निवड समिती थांबते, तसंच हे.

पगाराचंही तेच. पगार अर्जात लिहिला जातो आणि तो महत्त्वाचा असतोच, पण स्कोअरमध्ये तो धरत नाहीत. बचत खात्यातली शिल्लक आणि डेबिट कार्डाचा वापरही त्यात येत नाही, कारण ते तुमचेच पैसे, उधारी नव्हे.

‘मी दहा वर्षं कार्ड वापरतोय’ असं तुम्ही लिहिलंय आणि ते वडिलांच्या खात्यावरचं ॲड-ऑन (जोड) कार्ड होतं, हेही तुम्हीच लिहिलंय. त्या कार्डाचे व्यवहार मूळ कार्डधारकाच्या नावावर गेले. तुमच्या रिपोर्टमध्ये ते खातं नाहीच. ही दहा वर्षं तुमच्या खाती जमा झाली नाहीत याची हळहळ मलाही आहे, पण ते माझ्या हातात नव्हतं.

हिस्टरी किती जुनी लागते हे कुणीच सांगत नाही, ही तक्रार मात्र बरोबर आहे. स्कोअर तयार व्हायला काय लागतं ते जाहीर आहे. उदाहरणार्थ अमेरिकेतला, 300 ते 850 मध्ये मोजला जाणारा फायको (FICO) स्कोअर निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं आणि गेल्या सहा महिन्यांत कुठल्यातरी खात्याची माहिती आलेली असावी लागते. त्यात वेळेवर फेडण्याला साधारण 35 टक्के, उधारीच्या वापराला 30 टक्के आणि हिस्टरीच्या वयाला 15 टक्के वजन आहे. पण हे झालं स्कोअरपुरतं. प्रीमियम कार्डासाठी किती वर्षं पुरतात हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरतं ठरवते आणि ती रेघ आम्हालाही दाखवत नाही. म्हणूनच मी ‘नक्की मिळेल’ म्हटलं नव्हतं आणि ‘नक्की मिळणार नाही’ असंही म्हणू शकत नव्हतो.

आणखी एक. त्याच आठवड्यात तुम्ही आणखी दोन ठिकाणी परस्पर ऑनलाइन अर्ज केलेत आणि तिथूनही नकार आला, असं रिव्ह्यूत आहे. त्यासाठीही आम्हाला दोष दिलाय. प्रत्येक अर्जासाठी कंपनी रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद राहते. पातळ फाइलमध्ये अशा नोंदी लागोपाठ दिसल्या, की माणसाला पैशांची निकड आहे असा अर्थ काढला जातो. एका अर्जाचा निकाल लागेपर्यंत दुसरा करू नका, हे मी फोनवर बजावलं होतं. ते दोन अर्ज आम्ही भरलेले नाहीत. स्वतःचा रिपोर्ट स्वतः तपासल्यानं मात्र स्कोअर उतरत नाही, तो हवा तेव्हा बघा.

यापुढे अशा सूचना तोंडी न देता लेखी देता येतील का, ते आम्ही बघतोय. त्याची व्यवस्था लवकरच करू.

तुमच्यासाठी आजही काम करायची तयारी आहे. आत्ता निदान सहा महिने कुठेही नवा अर्ज करू नका, आमच्याकडेही नाही. हातातलं छोटं कार्ड बंद करू नका. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापरा आणि पूर्ण बिल भरत जा, नुसती किमान रक्कम नको. दुसरं खातं हवंच असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या, पण तेही या सहा महिन्यांनंतरच. पुन्हा या, रिपोर्ट सोबत बसून वाचू, त्याचे पैसे लागणार नाहीत.

स्टार किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे. एकच विनंती, ‘आधी एका शब्दानं सांगितलं नाही’ हे वाक्य तेवढं काढून टाकावं.