डिस्चार्ज झालाय म्हणे!

सकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी मामांच्या पोटावरची पट्टी बघितली आणि म्हणाले, "मस्त. आज सोडू घरी." डॉक्टर पुढच्या कॉटकडं वळेपर्यंत मामा शर्टाची बटणं लावून तयार. मामींनी कागलला फोन करून पाणी तापवायला सांगितलं.

पण डॉक्टरांनी सोडणं आणि हॉस्पिटलनं सोडणं, यात पन्हाळ्याएवढा घाट आहे. डिस्चार्ज समरी लिहिणारे डॉक्टर ऑपरेशन थिएटरात. उरलेली इंजेक्शनं मेडिकलला परत गेल्याशिवाय बिल नाही, बिलाशिवाय फाईल नाही आणि फाईल विमा कंपनीला गेल्याशिवाय मामा नाहीत. कॅशलेस आहे ना!

मी अभ्यास करून गेलो होतो. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणं डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यायची, उशीर झाला तर वाढीव खर्च विमा कंपनीनं सोसायचा. टीपीए डेस्कवरच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या मध्यस्थाच्या टेबलावरच्या पोरीला हे ऐकवलं. ती गोड हसली. "बरोबर आहे सर. पण हॉस्पिटलची रिक्वेस्ट गेल्यावर तीन तास मोजतात. तुमची फाईल अजून वरच आहे."

वर गेलो. फाईल सिस्टरच्या टेबलावर, सहीची वाट बघत पडलेली. कॉटशेजारी नवा पेशंट पिशवी घेऊन उभा आणि मामा चपला घालून कॉटवर.

मधल्या वेळात आहारतज्ज्ञ येऊन गेल्या. तिखट, तेलकट बंद. मामा म्हणाले, "मग पांढरा रस्सा चालंल की! त्यात कुठं तिखट असतंय?" बाई कोल्हापूरबाहेरच्या असाव्यात, खरंच विचारात पडल्या. मामींनी डोळे वटारले म्हणून वाचलो.

दुपारी फाईल गेली एकदाची, आणि कंपनीची क्वेरी आली: पित्ताचा त्रास कधीपासून? मामा म्हणाले, "लगीन झाल्यापासनं." टीपीएवाल्या पोरीनं कपाळाला हात लावला. त्यापुढं जे चाललं ते सांगत बसत नाही. उन्हं कलली.

मंजुरी आली, पण ग्लोव्हज, मास्क, थर्मामीटर कापून. असल्या किरकोळ वस्तू सहसा विम्यात बसत नाहीत, ते आपल्या खिशातून. मामांनी चष्मा लावून यादी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. किडनी ट्रे.

"काढली पित्ताची पिशवी, आन् पैसं किडनीचं व्हय रं?"

बिलिंगवाल्यानं आतून तो किडनीच्या आकाराचा वाकडा स्टीलचा ट्रे आणून दाखवला. मामांनी उलटा-पालटा करून बघितला आणि मामींकडं दिला, "पिशवीत घाल. पैसं दिल्यात."