आधी फाइल, मग करंट

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या वहिनींच्या उपचारांवरून जुंपली आहे. वहिनी म्हणजे अशोक चौकातल्या चुलतभावाची बायको, काही वर्षांपासून नैराश्याने खचलेल्या. गोळ्यांनी गुण येईना म्हणून सोलापुरातल्या एका डॉक्टरांनी डोक्याला सौम्य करंट देणारं यंत्र सुचवलं. लगेच काकूंचा व्हॉइस मेसेज: ‘शॉक दिल्यावर माणूस खुळं होतंय बघ, नको ते!’ त्यावर धाकट्या भावाचं उत्तर, ‘लंडनमध्ये लोक घरी बसून लावतेत, दादाला विचारा की.’ दादा म्हणजे मी. राहतो लेस्टरला, पण सोलापूरच्या सात रस्त्यावरून पाहिलं की अख्खं इंग्लंड लंडनच दिसतं.

धाकट्याचं खरं आहे. इथे हेडबँडसारखं यंत्र मिळतं. मिठाच्या पाण्याने ओले केलेले दोन स्पंज कपाळावर बसवायचे, अर्धा तास 2 मिलिअँपिअर करंट. जरा चुणचुणतं, कातडी लाल होते, बस्स. काकूंच्या मनातला शॉक म्हणजे ईसीटी, दवाखान्यात मेंदूला देतात तो विजेचा झटका. त्यात करंट 800-900 मिलिअँपिअरच्या घरात असतो आणि मुद्दाम फिट आणतात. तोही आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही, भारतातल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच तशी मनाई आहे. तेव्हा काकूंची भीती जुन्या सिनेमातली.

पण धाकट्याचा उत्साहही मला झेपत नाही. या हेडबँडची ब्रिटन-अमेरिकेतली मोठी चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली: 174 रुग्ण, 10 आठवडे. खरा करंट घेतलेल्यांपैकी सुमारे 45 टक्के नैराश्यातून बाहेर आले, लुटुपुटूचं, म्हणजे खरा करंट न देणारं यंत्र लावलेल्यांत 22 टक्के. आकडे झकास. मात्र दोन औषधं नीट घेऊनही ज्यांना गुण आला नव्हता, त्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं! आणि आदल्याच वर्षीच्या जर्मनीतल्या चाचणीत, चालू गोळ्यांच्या जोडीला हा करंट देऊन, काही फरक दिसला नाही. म्हणजे वहिनींचा आजार खरोखर औषधांना दाद न देणारा असेल, तर हे यंत्र त्यांच्यासाठी सर्वांत कच्चा पर्याय ठरतो. चुंबकीय उपचार, म्हणजे आरटीएमएस, त्याहून बरा. आणि माणूस खाणंपिणं सोडण्याइतका खालावला, तर काकूंना नको असलेल्या ईसीटीइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशाला नाही.

तेव्हा मुळात आजार दाद देत नाही हे ठरवलं कुणी? इथे इंग्लंडात जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्या संगणकावर सगळं असतं: कोणती गोळी, किती मात्रा, किती आठवडे. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नाही, तर सहसा तसं म्हणतात. (इथेही सगळं आलबेल नाही, मानसोपचारासाठी महिनोन्‌महिने रांग आहे, आणि एकटा माणूस स्वयंपाकघरात हेडबँड लावून ॲपशी बोलत बसतो, हे काही मला सुखाचं वाटत नाही.)

भावाला म्हटलं, वहिनींची फाइल पाठव. आलं काय, तर मेडिकलच्या बिलांमागे खरडलेली नावं आणि अर्धवट गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो. पहिली गोळी पंधरा दिवसांत बंद, झोप फार येते म्हणून. दुसरी सुरुवातीच्याच मात्रेवर राहिली, कारण पुन्हा दाखवायला कुणी गेलंच नाही. भावाची यंत्रमागावर पाळी, वहिनी विड्या वळणाऱ्या; हजारामागे मजुरी. दवाखान्यात गेलेला दिवस दोघांच्या कमाईतून जातो. या गोळ्यांचा गुण दिसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि इथे एकही औषध धड तेवढं पोचलेलं नाही.

आता हाच संसार यंत्राचा हिशोब कसा भागवणार? त्या चाचणीत पहिले तीन आठवडे आठवड्यातून पाच वेळा आणि पुढचे सात आठवडे तीन वेळा बसायचं होतं, तेही घरच्या घरी. सोलापुरात तेच क्लिनिकला जाऊन करायचं म्हणजे रिक्षा, सोबतीला माणूस, बुडालेली मजुरी आणि वर प्रत्येक बैठकीची फी. ज्या घराला महिन्यातून एकदा ओपीडी जमली नाही, त्याला हे जमेल असं धाकट्याला वाटतं, मला नाही.

डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे फाइलच नव्हती. ग्रुपवर लिहिलं, यंत्राला लागणारे पैसे आधी भावाच्या बुडणाऱ्या पाळ्यांसाठी बाजूला काढू, माझा वाटा मी पाठवतो. एक औषध डॉक्टर सांगतील त्या मात्रेपर्यंत, सहा आठवडे, न चुकता, तारखा वहीत. मध्येच फार जड गेलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीतही बोलतात. त्यानंतरही गुण आला नाही, तर आरटीएमएसचं विचारू, ईसीटीचंही. काकूंनी अजून निळी टिक दिलेली नाही.