सहा बैठका, एकच पेन

सहा बैठकांची इतिवृत्तं मी एका रात्रीत लिहिली आहेत, तीही शाळेच्या अ‍ॅक्रेडिटेशनसाठी, म्हणजे बाहेरची संस्था अख्खी शाळा तपासून शिक्का देते त्यासाठी. त्यातल्या दोनच बैठका प्रत्यक्षात झाल्या होत्या. हे आधीच कबूल करते, म्हणजे बाहेर बसून शहाणपणा शिकवतेय असं कुणी म्हणायला नको.

विषय निघाला तो भाचीमुळे. मावसबहिणीची मुलगी सध्या लेकीसाठी शाळा शोधतेय. परवा तिने एका इंटरनॅशनल स्कूलच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. खाली ओळीने पाच लोगो. "मावशी, पाच-पाच मान्यता आहेत, म्हणजे शाळा चांगलीच असणार ना?"

फोटो मोठा करून पाहिला. एक लोगो कुठल्याशा संघटनेच्या सभासदत्वाचा. दुसरा परीक्षा मंडळाचा. तिसऱ्याखाली बारीक अक्षरात 'कॅन्डिडेट स्कूल'. चौथा हजेरी घ्यायच्या सॉफ्टवेअरचा. आणि पाचवा शाळेच्याच दहाव्या वर्धापनदिनाचा! अ‍ॅक्रेडिटेशन म्हणावं असं त्यात एकही नव्हतं.

गोंधळ शब्दांपासूनच आहे. आपण सगळ्यालाच 'मान्यता' म्हणून मोकळे होतो. शाळा चालवायची सरकारी परवानगी ही वेगळी गोष्ट. परीक्षा मंडळाकडची नोंदणी वेगळी: केंब्रिजकडून माणसं येऊन शाळा बघून जातात, मग शाळेला त्यांचे अभ्यासक्रम शिकवता येतात, परीक्षा घेता येतात. आयबीवाले, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था, त्यांच्या परवानगीला 'ऑथरायझेशन' म्हणतात, आणि ते एकेका प्रोग्रॅमचं असतं. लहान मुलांचा पीवायपी चालवायची परवानगी असली म्हणजे अकरावी-बारावीच्या वयाचा डिप्लोमा चालवायचीही आहे, असं नाही. तयारी चालू असते तेवढा काळ शाळा 'कॅन्डिडेट'. त्या काळात पीवायपी आणि मधल्या इयत्तांचा एमवायपी वर्गात राबवून बघायचे असतात. डिप्लोमा मात्र परवानगी हातात पडेपर्यंत शिकवायला घेताच येत नाही. कॅन्डिडेट असणं म्हणजे पुढे परवानगी मिळेलच याची हमी नाही, हे शाळेने जाहीरपणे लिहायचं असतं. लिहितात की. भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरात.

अ‍ॅक्रेडिटेशन हा याहून मोठा पसारा. त्यात अख्खी शाळा तपासली जाते: संचालक मंडळ निर्णय कसे घेतं, पैशाची शिस्त काय, शिक्षक कसे नेमतात, वर्गात काय चालतं, मुलं सुरक्षित आहेत का. ही पद्धत मूळची अमेरिकेतली. कुठल्या शाळेतून आलेल्या मुलावर कॉलेजने भरवसा ठेवायचा, हे सांगणारं एकच सरकारी खातं तिथे नव्हतं, म्हणून शाळा-कॉलेजांनीच आपापल्या भागात संघटना काढल्या. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातली अशी संघटना, एनईएएससी, १८८५ सालची आहे. इंटरनॅशनल स्कूल हा प्रकार बराच नंतरचा. जिनिव्हात १९२४ मध्ये लीग ऑफ नेशन्सच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या लोकांच्या मुलांसाठी शाळा निघाली, आणि त्याच शहरात १९६८ मध्ये आयबीचा जन्म झाला. बदली होणाऱ्या आईवडिलांची मुलं अर्ध्यावर शाळा सोडणार, मग त्यांचं शिक्षण पुढच्या देशात कुणी मानायचं, ही मूळची अडचण. आज जगभरच्या अशा शाळांना अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्यांत सीआयएस, एनईएएससी, वॅस्क, कॉग्निया ही नावं मोठी आहेत.

आता माझी कथा. शाळेचं नाव सांगणार नाही, देशही नाही.

अ‍ॅक्रेडिटेशनमध्ये सगळ्यात लांबलचक भाग असतो सेल्फ-स्टडीचा. अ‍ॅक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेची मानकं समोर ठेवायची आणि शाळेने स्वतःच स्वतःला तपासायचं. साधारण वर्ष-दीड वर्ष. प्रत्येक मानकासाठी एक कमिटी, प्रत्येक दाव्याला पुरावा. स्टाफरूममध्ये दोनच शब्द ऐकू यायचे, 'एव्हिडन्स' आणि 'डेडलाइन'. माझ्याकडे अभ्यासक्रमाची कमिटी आली. मला वाटलं, सोपं आहे, सगळ्यांचे प्लॅन गोळा करायचे आणि अपलोड करायचे.

तसं झालं नाही. आमच्या लायब्ररीयन बाईंनी सुचवलं की प्लॅन वाचत बसण्यापेक्षा भिंतीवर लावू. मग लायब्ररीच्या लांब भिंतीवर इयत्तावार चिठ्ठ्या डकवल्या: विज्ञानाच्या पिवळ्या, गणिताच्या गुलाबी. संध्याकाळी साडेपाचला सगळे चहाचे कप घेऊन भिंतीसमोर उभे राहिलो आणि कुणीच काही बोलेना. जलचक्र तिसरीत होतं, पाचवीत होतं आणि सहावीतही होतं. तिन्हीकडे तोच ढग, तोच बाण, तोच समुद्र. आणि अपूर्णांकांचा भागाकार कुठल्याच इयत्तेत नव्हता. पाचवीच्या सरांना वाटायचं सहावीत घेतात, सहावीच्या बाईंना वाटायचं मुलं शिकून आली आहेत. किती वर्षं हे असं चाललं होतं, देव जाणे. 'यांचा पाया कच्चा आहे' असं सातवीच्या मुलांबद्दल मी स्वतः कितीदा म्हटलं असेन!

माझ्या मते अ‍ॅक्रेडिटेशनची खरी कमाई ही. लोगो नंतर आला, भिंतीने मात्र आम्हाला त्या दिवशीच उघडं पाडलं.

पण याच कामात खोटेपणाही भरपूर. मानकात लिहिलं होतं की शिक्षकांनी नियमित एकत्र बसून नियोजन करावं. आम्ही बोलायचो, पण जिन्यात, बसमध्ये, जेवताना. त्याचा कागद कुठे होता? म्हणून मी ती रात्र जागून सहा इतिवृत्तं लिहिली, तारखा घातल्या, उपस्थितांची नावं घातली.

संस्थेची तपासणी टीम आली तेव्हा तिची प्रमुख एका शाळेची मुख्याध्यापिका होती. बहुतेक ठिकाणी ही तपासणारी माणसं अशीच असतात, दुसऱ्या शाळांतले शिक्षक, कोऑर्डिनेटर, प्रिन्सिपल. ती काही पगारी इन्स्पेक्टर नव्हेत. आपली शाळा सोडून आठवडाभर येतात, रात्री हॉटेलात बसून रिपोर्ट लिहितात. म्हणजे सगळे डाव त्यांनी स्वतः खेळलेले असतात. बाईंनी माझी फाइल चाळली. सहाही बैठका एकाच निळ्या पेनने लिहिलेल्या, आणि सहाही बैठकांना आमची एक सहकारी हजर, जी त्यातले चार महिने बाळंतपणाच्या रजेवर होती. बाई हसल्या. म्हणाल्या, "फारच कर्तव्यदक्ष दिसतात या." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रिपोर्टमध्ये मात्र एवढीच सूचना आली की नियोजनाच्या बैठकांसाठी वेळापत्रकात ठरलेला तास ठेवावा. तो तास मिळाला. आम्ही कितीतरी वर्षं मागत होतो, कुणी देत नव्हतं.

त्या आठवड्यात टीमने फाइलींपेक्षा माणसंच जास्त तपासली. दुसरीतल्या एका मुलाला वर्गात विचारलं, "तू आत्ता काय शिकतोयस?" तो म्हणाला, "पान ४३." आमच्या सगळ्या सुंदर पॉलिसींवर त्या पोराने दोन शब्दांत पाणी ओतलं. बसच्या ड्रायव्हरकाकांना विचारलं, मुलाच्या अंगावर मारल्याचे वळ दिसले तर कुणाला सांगाल? काकांनी नाव बरोबर सांगितलं, खिशातलं कार्डही दाखवलं. बाल सुरक्षेबाबत ही काटेकोरी गेल्या दशकभरात फार वाढली आहे. इंटरनॅशनल शाळांमध्ये देश बदलत फिरणाऱ्या शिक्षकांची मागची वर्तणूक नीट तपासली जात नाही, हे भयानक रीतीने उघडकीला आलं, आणि २०१४ मध्ये इंटरनॅशनल शाळांशी संबंधित संस्थांनी त्यासाठी एकत्र टास्क फोर्स नेमला. त्यानंतर नेमणुकीच्या फाइली एकेक करून उघडल्या जातात. यात कुणी कुरकुर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी कागदांबद्दल खुशाल करा.

कारण कागद खरंच अती होतो. पाच-सहा वर्षांनी, काही संस्थांचं दहा वर्षांनी, पुन्हा तेच चक्र. मधल्या काळात प्रगतीचे अहवाल. चांगले शिक्षक वर्गाऐवजी फोल्डर सजवत बसतात. आणि मोठ्या, श्रीमंत शाळेला त्यासाठी वेगळा माणूस नेमता येतो, छोट्या शाळेत तेच काम तिसरीच्या बाई रात्री करतात. अ‍ॅक्रेडिटेशन नाही म्हणून शाळा वाईट, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते ते याचसाठी.

भाचीला मी सांगितलं, लोगो मोजू नकोस. शेवटची व्हिजिट कधी झाली ते विचार, आणि टीमच्या रिपोर्टमधल्या सूचनांचं पान मागून बघ. कौतुकाची वाक्यं शाळा वेबसाइटवर टाकतातच, सूचना टाकत नाहीत. रिपोर्ट पालकांना दाखवायचा की नाही, हे बहुतेक वेळा शाळेच्याच हातात असतं.

पाच लोगोवाल्या शाळेने अजून ईमेलला उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या एका शाळेने, एकच लोगो असलेल्या, दोन पानांचा सारांश लगेच पाठवला. त्यात एक सूचना अशी की गणिताचे शिक्षक टिकत नाहीत, त्याची कारणं शाळेने शोधावीत. "मावशी, हे तर वाईट आहे ना?" तिचा मेसेज. वाईटच आहे, म्हटलं. शनिवारी ती ती शाळा बघायला जातेय. कारणं सापडली का, हे पहिलं विचारणार आहे.